अमेरिकी मतपत्रिकेची वाटचाल

अमेरिकेत मत कोणत्या रीतीने द्यायचे, हे देशाच्या राज्यघटनेने ठरवून दिलेले नाही. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली, तेव्हा काँग्रेसच्या निवडणुकांची वेळ, जागा आणि पद्धत ठरवण्याचे काम राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवण्यात आले. त्यात फेरफार करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिला, पण मतदार कोणाला म्हणायचे याचा एकच नियम केला नाही. सारा देश एका हाताने चालवणारी, भारतातल्या निवडणूक आयोगासारखी यंत्रणा तिथे आजही नाही. पन्नास राज्ये आणि त्यांच्यातल्या हजारो काउंटी व नगरे आपापल्या मतपत्रिका तयार करतात. त्यामुळे मतपत्रिकेच्या आकारापासून तिच्यावरच्या नावांच्या क्रमापर्यंत अनेक बाबी तिथे दोनशे वर्षे वादाचा विषय राहिल्या. कागदाचे रूप बदलले की गैरप्रकार बदलले, आणि बहुतेक वेळा मतदारांची संख्याही बदलली.

आवाजी मत

ब्रिटिश अमलाखालच्या वसाहतींत मत देणे हे चारचौघांत करायचे काम होते. व्हर्जिनियात मतदार काउंटीच्या न्यायालयापाशी जमत. मेजामागे शेरीफ बसे, शेजारी कारकून वही घेऊन असे आणि बहुधा उमेदवारही तिथेच हजर असत. मतदाराचे नाव पुकारले गेले की तो आपली पसंती मोठ्याने सांगे, कारकून ती लिहून घेई आणि ज्याला मत मिळाले तो उमेदवार तिथल्या तिथे आभार मानी. सावकार, जमीनदार, शेजारी सगळ्यांना कोणाचे मत कुठे गेले ते कळे. त्या काळच्या प्रतिष्ठितांना यात गैर काही वाटत नव्हते; आपले मत उघडपणे सांगता येत नाही तो माणूस स्वतंत्र कसला, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मतदारांना पाजण्याची रूढीही तेव्हाचीच. १७५८ साली जॉर्ज वॉशिंग्टन फ्रेडरिक काउंटीतून व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिगृहासाठी उभे होते. ते स्वतः सैन्याच्या कामावर दूर होते, पण त्यांच्या माणसांनी चारशेच्या आसपास मतदारांसाठी शंभर गॅलनहून अधिक रम, पंच, वाइन आणि बिअर वाटली. वॉशिंग्टन निवडून आले. पुढे घटनेचे शिल्पकार म्हणून नावाजलेल्या जेम्स मॅडिसन यांनी १७७७ मध्ये दारू वाटायचे नाकारले आणि ते हरले.

उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडमध्ये निराळी रीत होती. मॅसॅच्युसेट्सच्या १६४३ च्या एका कायद्यानुसार काही पदांच्या निवडीत मक्याचा दाणा म्हणजे होकार आणि घेवड्याचा दाणा म्हणजे नकार धरला जाई. एका मतदाराने एकाहून अधिक दाणे टाकल्यास दंड होता. मतपत्रिकेसाठीचा ‘बॅलट’ हा इंग्रजी शब्द इटालियन भाषेतल्या लहान गोळीवाचक शब्दापासून आलेला आहे, तो मत टाकायच्या वस्तूंच्या अशाच वापरातून. कागदाच्या चिठ्ठ्याही न्यू इंग्लंडमध्ये लवकर आल्या. मतदार घरून कागदाचा तुकडा आणी, त्यावर नावे लिही आणि पेटीत टाकी. सरकारने कागद पुरवावा ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

मत देणारे मुळात थोडे होते. बहुतेक वसाहतींत जमीन किंवा ठरावीक मालमत्ता असलेल्या पुरुषालाच हा हक्क होता. ज्याच्याकडे काही नाही तो पोशिंद्याच्या सांगण्यावरून मत देईल, असे त्यामागचे कारण सांगितले जाई. न्यू जर्सीने १७७६ च्या घटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत दिले. या मोकळ्या शब्दरचनेमुळे तिथल्या अविवाहित व विधवा स्त्रिया आणि काही स्वतंत्र कृष्णवर्णीय मतदान करत. १८०७ मध्ये कायदा बदलून हे दार बंद झाले. पुढच्या पन्नास वर्षांत मालमत्तेची अट एकेका राज्यातून गेली. ती शेवटी काढणारे राज्य नॉर्थ कॅरोलायना, साल १८५६. मात्र हा विस्तार गोऱ्या पुरुषांपुरता होता. न्यूयॉर्कच्या १८२१ च्या घटनेने मालमत्तेची अट गोऱ्यांसाठी सैल केली आणि कृष्णवर्णीयांसाठी २५० डॉलरची अट ठेवली.

मतदानाचा वारही शेतकऱ्यांच्या सोयीने पडला. १८४५ च्या कायद्याने अध्यक्षीय निवडणुकीसाठी नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार नेमला. तोवर सुगी आटोपलेली असे आणि रस्ते हिमाने बंद झालेले नसत. रविवारी प्रार्थना असे आणि घोडागाडीने काउंटीच्या गावी पोचायला सोमवार लागे. सुगीचे गणित संपून कितीतरी दशके लोटली, पण वार तोच आहे आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते.

पक्षांची तिकिटे

मतदार वाढले, निवडून द्यायची पदे वाढली, तशी हाताने नावे लिहिण्याची रीत जड जाऊ लागली. १८२९ साली बॉस्टनमधील डेव्हिड हेन्शॉ यांनी ५५ उमेदवारांची छापील यादी मतपत्रिका म्हणून पुढे केली. अधिकाऱ्यांनी ती घेतली नाही, कारण मॅसॅच्युसेट्सच्या घटनेत मत ‘लिहिलेले’ असावे असे म्हटले होते. हेन्शॉ न्यायालयात गेले आणि छापलेले तेही लिहिलेलेच, असा निर्णय झाला.

यानंतर मतपत्रिका छापण्याचा धंदा पक्षांनी हाती घेतला. प्रत्येक पक्ष आपल्या सर्व उमेदवारांची नावे एका लांबट पट्टीवर छापी. तिला ‘तिकीट’ म्हणत. महाराष्ट्रातल्या राजकारणात उमेदवारीला ‘तिकीट’ म्हणतात, तो शब्द इंग्रजीतून आला असला तरी त्याचा हा अर्थ अमेरिकेत घडलेला आहे. निवडणुकीच्या दिवशी पक्षाची माणसे मतदानाच्या जागेबाहेर तिकिटे वाटत उभी राहत. कागदाचा रंग, आकार आणि वरचे चित्र असे निवडले जाई की मतदाराच्या हातातली पट्टी लांबूनही ओळखू यावी. आवाजी मत गेले तरी मत उघडच राहिले.

एखादा उमेदवार नको असेल तर मतदार त्याचे नाव खोडे, किंवा दुसऱ्या नावाची डिंक लावलेली चिठ्ठी वर चिकटवी. विरोधी पक्ष अशा चिकटपट्ट्या छापून वाटत. पक्षही मग तिकिटे इतक्या बारीक अक्षरांत आणि गच्च छापत की चिकटवायला जागाच उरू नये. प्रतिस्पर्ध्याच्या तिकिटासारखेच दिसणारे तिकीट छापून आत आपली नावे घुसडण्याची युक्तीही चाले. मत विकत घेणाऱ्याला हा व्यवहार सोयीचा होता. पैसे दिलेल्या माणसाच्या हातात तिकीट ठेवायचे आणि ते पेटीत पडेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची. बाल्टिमोरमध्ये परगावच्या किंवा दारू पाजलेल्या माणसांना खोलीत डांबून ठेवून वेगवेगळ्या केंद्रांवर फिरवत मत द्यायला लावत. लेखक एडगर ॲलन पो १८४९ च्या ऑक्टोबरमध्ये मतदानाच्याच दिवशी तिथल्या एका खानावळीत अर्धवट शुद्धीत सापडले. ते या प्रकाराचे बळी होते असा एक तर्क आजवर केला जातो.

मत कोणाचे हे बाहेरच्यांना दिसत असल्याने ते अडवणेही सोपे होते. ६ ऑगस्ट १८५५ रोजी केंटकीतील लुईव्हिल शहरात स्थलांतरितांचा द्वेष करणाऱ्या ‘नो-नथिंग’ चळवळीच्या जमावांनी आयरिश आणि जर्मन कॅथलिक वस्त्यांवर हल्ले केले. किमान बावीस माणसे मारली गेली. तो निवडणुकीचा दिवस होता.

तिकिटांच्या पद्धतीत एक गुण होता. निरक्षर मतदारालाही ती झेपत असे, कारण रंग आणि चित्र ओळखणे पुरेसे होते. नव्या पक्षाला सरकारी परवानगी लागत नसे. छापखान्याचे बिल भागवण्याची आणि प्रत्येक केंद्राबाहेर माणूस उभा करण्याची ऐपत असली की झाले. मात्र ती ऐपत कामगारांच्या पक्षांकडे क्वचितच असे.

ऑस्ट्रेलियातून आलेला कागद

गुप्त मतदानाची आज सर्वत्र दिसणारी रीत १८५६ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतींत सुरू झाली. व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या तिन्हींनी त्याच वर्षी कायदे केले. मतपत्रिका सरकारी खर्चाने छापायची, तिच्यावर सर्व उमेदवारांची नावे असायची, ती फक्त मतदान केंद्रातच मिळायची आणि आडोशाला जाऊन एकट्याने खूण करायची, ही त्या रीतीची चार अंगे. न्यूझीलंडने ती १८७० मध्ये आणि ब्रिटनने १८७२ मध्ये उचलली.

अमेरिकेत तिचा आग्रह धरणाऱ्यांत अर्थशास्त्रावर लिहिणारे हेन्री जॉर्ज आघाडीवर होते. १८७९ मध्ये त्यांचा ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हा ग्रंथ निघाला. जमिनीच्या वाढत्या किमतीवर कर बसवावा आणि इतर कर काढून टाकावेत, हा त्यातला विचार देशभर गाजला. पण मजुरावर मालकाचा आणि भाडेकरूवर घरमालकाचा डोळा असेपर्यंत असा विचार मतपेटीतून पुढे येणार नाही, हे जॉर्ज यांना दिसत होते. १८८६ साली ते न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी कामगारांच्या पाठिंब्यावर उभे राहिले आणि ६८ हजारांवर मते घेऊन दुसरे आले. तिसऱ्या क्रमांकावर होते पुढे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट.

१८८८ च्या फेब्रुवारीत लुईव्हिल शहरासाठी गुप्त मतपत्रिकेचा कायदा झाला. केंटकीच्या घटनेनुसार राज्याच्या निवडणुका तेव्हाही आवाजी मतानेच व्हायच्या होत्या, त्यामुळे नवी रीत फक्त नगरपालिकेपुरती राहिली. आवाजी मत सोडणारे शेवटचे राज्य केंटकीच. तिथे नवी घटना १८९१ मध्ये आली. सबंध राज्यासाठी पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने १८८८ मध्ये केला. पुढची चार वर्षे हा सुधारणेचा लोंढाच होता. १८९२ साली ग्रोव्हर क्लीव्हलँड दुसऱ्यांदा अध्यक्षपदी निवडून आले तेव्हा बहुतेक राज्यांत सरकारी मतपत्रिका आलेली होती.

मतपत्रिका सरकारने छापायची म्हटल्यावर तिची मांडणी हा नवा आखाडा झाला. मॅसॅच्युसेट्सने पदवार मांडणी स्वीकारली. एका पदाखाली सर्व उमेदवार आणि प्रत्येक पदासाठी वेगळी खूण, अशी ती पद्धत. इंडियानाने १८८९ मध्ये पक्षवार उभे रकाने केले. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर पक्षाचे चिन्ह असे, उदाहरणार्थ डेमोक्रॅटिक पक्षाचा कोंबडा किंवा रिपब्लिकन पक्षाचा गरुड, आणि एका खुणेत सगळा पक्ष निवडता येई. पहिल्या मांडणीत वाचता येणे आणि प्रत्येक उमेदवाराची माहिती असणे भाग होते. दुसरीत पक्षनिष्ठा पुरेशी होती, म्हणून पक्षनेत्यांना ती आवडे.

कागदावर कोणाचे नाव यावे हा त्याहून मोठा प्रश्न. पूर्वी कोणीही तिकीट छापू शके; आता मागच्या निवडणुकीत ठरावीक मते मिळवलेली असणे किंवा हजारो सह्या गोळा करणे आवश्यक झाले. १८९२ मध्ये शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने चांदीच्या नाण्यांची मुक्त टांकसाळ, उत्पन्नावर चढता कर आणि सरकारी रेल्वे या मागण्यांवर दहा लाखांहून अधिक मते मिळवली होती. अशा लहान पक्षाचे बळ मोठ्या पक्षाशी मिळून एकच उमेदवार देण्यात होते. त्यावर अनेक राज्यांनी एका उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवर दोनदा छापण्यास मनाई केली. उमेदवाराला एकच रकाना निवडावा लागला आणि लहान पक्षाचा रकाना रिकामा पडला. न्यूयॉर्कमध्ये मात्र एकाच उमेदवाराला दोन पक्षांच्या ओळींवर मते घेता येतात.

गुप्ततेने मतविक्री कमी झाली, संपली नाही. ओहायोतील ॲडम्स काउंटीत १९१० च्या निवडणुकीनंतर न्यायाधीशांनी चौकशी लावली, तेव्हा सुमारे १,७०० मतदार मत विकल्याबद्दल दोषी ठरले. काउंटीतल्या दर चार मतदारांमागे एक, असे ते प्रमाण होते.

दक्षिणेतील चाळण्या

यादवी युद्धानंतर १८७० साली घटनेची पंधरावी दुरुस्ती झाली आणि वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारण्यास बंदी आली. दक्षिणेतल्या राज्यांनी मग वंशाचा उल्लेख न करता तेच साधणारे नियम शोधले. साउथ कॅरोलायनाने १८८२ मध्ये ‘आठ पेट्यांचा कायदा’ केला. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी ठेवायची, तिच्यावर पदाचे नाव लिहायचे आणि भलत्या पेटीत पडलेली चिठ्ठी बाद धरायची. वाचता न येणाऱ्या माणसाचे मत वाया जावे हाच हेतू होता. भारतातल्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतही अनेक पेट्या होत्या, पण त्या प्रत्येक उमेदवाराच्या होत्या आणि निरक्षर मतदाराला कळावे म्हणून त्यांच्यावर चिन्हे चिकटवलेली होती. त्यांतल्या लाखो पेट्या मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. एकच साधन एका ठिकाणी मतदार गाळण्यासाठी आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांना सामावून घेण्यासाठी वापरले गेले.

सरकारी छापील मतपत्रिकाही दक्षिणेत अशीच चाळणी ठरली. गुलामगिरीच्या काळात अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांना शिकवणे गुन्हा ठरवले होते. आता चित्र नसलेली लांबलचक छापील यादी त्यांच्यापुढे आली आणि मदतीला कोणी येऊ नये अशी कायद्याची सोय झाली. त्याच्या जोडीला १८९० च्या मिसिसिपी घटनेने दोन डॉलरची डोईपट्टी आणि घटनेतला उतारा वाचून किंवा ऐकून समजावून सांगण्याची अट आणली. उत्तर बरोबर की चूक हे नोंदणी अधिकारी ठरवी. डोईपट्टी वेळेवर भरून पावती जपून ठेवणे खंडाने शेती करणाऱ्या गरीब गोऱ्यांनाही जमत नसे. त्यांच्यासाठी लुईझियानाने १८९८ मध्ये आडवाट काढली. ज्याचा बाप किंवा आजा १८६७ च्या आरंभापूर्वी मतदार होता त्याला चाचणी माफ. अशी ‘आजोबा-कलमे’ सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये घटनाबाह्य ठरवली, पण तोवर काम होऊन गेले होते. लुईझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली १,३४२ उरले.

इतरत्रही नियम आवळले गेले. शहरांत मतदार नोंदणी सक्तीची झाली. नागरिकत्वाचा नुसता अर्ज केलेल्या परदेशी माणसाला पूर्वी अनेक राज्यांत मत देता येई; आर्कान्सासने १९२६ मध्ये ती सवलत काढली आणि ही प्रथा संपली. १८९६ मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे ७९ टक्क्यांनी मत दिले होते. १९२४ मध्ये हे प्रमाण ४९ टक्क्यांच्या आसपास आले. १९२० च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने नुकताच हक्क मिळालेल्या स्त्रिया सुरुवातीला कमी संख्येने आल्या, हेही त्याचे एक कारण होते.

या काळात भारतीयांना तर दारच बंद होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही असे ठरवले आणि त्याला नागरिकत्व नाकारले. १९४६ च्या कायद्याने ते मिळू लागले, आणि त्याबरोबर मतही.

चाळण्या काढायला विसाव्या शतकाचे सातवे दशक उजाडले. १९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतली डोईपट्टी गेली. व्हर्जिनियाची दीड डॉलरची पट्टी १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यावर राज्यांच्या निवडणुकांतूनही ती हटली. ६ ऑगस्ट १९६५ रोजी सही झालेल्या मतदान हक्क कायद्याने भेदभावाचा इतिहास असलेल्या भागांतल्या साक्षरता चाचण्या थांबवल्या आणि त्या भागांना नवा नियम करण्यापूर्वी केंद्राची परवानगी घेणे भाग पाडले. १९७५ मध्ये त्यात भाषेचे कलम आले. ज्या काउंटीत इंग्रजी नीट न येणारे एका भाषागटाचे नागरिक पुरेसे आहेत, तिथे त्यांच्या भाषेत मतपत्रिका द्यावी लागते. न्यूयॉर्क शहरात या कलमाखाली भारतीय भाषा म्हणून बंगालीची निवड झाली.

करांवर थेट मत

अमेरिकी मतदार एका दिवशी अध्यक्षापासून शाळा मंडळापर्यंतची माणसे निवडतो. अनेक ठिकाणी शेरीफ आणि न्यायाधीशही मतानेच येतात. इतकी पदे छापल्याने मतपत्रिका चादरीएवढी झाली, तेव्हा १९०९ च्या सुमारास ती आखूड करण्याची चळवळ निघाली. पुढे देशाचे अध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन तिच्या संघटनेचे अध्यक्ष होते. पण त्याच काळात कागदावर आणखी एक गोष्ट आली. साउथ डकोटाने १८९८ मध्ये, ओरेगॉनने १९०२ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये नागरिकांना सह्या गोळा करून कायद्याचा प्रस्ताव थेट मतदानाला टाकण्याचा हक्क दिला. रेल्वे कंपन्यांच्या मुठीतल्या विधिमंडळांना वळसा घालणे हा त्याचा मूळ उद्देश होता.

त्यामुळे आर्थिक धोरणावर सामान्य मतदार काय म्हणतो, हे नेत्यांच्या निवडीपासून वेगळे मोजता येऊ लागले. कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भडकल्या आणि त्यांच्यावर बसणारा मालमत्ता करही. ६ जून १९७८ रोजी मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी ‘प्रस्ताव १३’ मंजूर केला. त्याने मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला, मूल्यांकनातली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर रोखली आणि राज्याचा कर वाढवायला विधिमंडळात दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक केले. जुन्या घरमालकांना दिलासा मिळाला. नव्याने घर घेणाऱ्याला मात्र शेजाऱ्याच्या तशाच घरापेक्षा कितीतरी जास्त कर पडू लागला. या निकालानंतर इतर राज्यांतही करकपातीचे प्रस्ताव आले.

मतदाराचा पक्ष आणि त्याचे आर्थिक मत नेहमी एका दिशेने जात नाहीत, हेही याच कागदावर दिसते. फ्लोरिडात २०२० साली रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प जिंकले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर झाला.

कळ आणि छिद्र

लांब मतपत्रिका मोजण्याचा व्याप आणि मोजणीतली लबाडी यांवर यंत्राचा उपाय पुढे आला. न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट गावी १८९२ साली जेकब मायर्स यांचे कळीचे यंत्र पहिल्यांदा वापरले गेले. मतदार पडद्याआड जाई, उमेदवारांच्या नावांपुढच्या कळा खाली ओढी आणि बाहेर येताना मोठी कळ ओढली की आतली गणकचक्रे पुढे सरकत. मोजणी मिनिटांत होई. मात्र प्रत्येक मताचा वेगळा कागद उरत नसल्याने फेरमोजणीला अर्थ नव्हता. मोठ्या शहरांनी ही अवजड यंत्रे घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकली.

१९६४ मध्ये जॉर्जियातील फुल्टन आणि डीकॅल्ब काउंटींनी पत्त्याला छिद्र पाडण्याची ‘व्होटोमॅटिक’ पद्धत घेतली. राज्यशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ हॅरिस यांनी ती तयार केली होती. यंत्र स्वस्त, हलके होते आणि संगणक पत्ते मोजी. २००० सालापर्यंत सुमारे एक-तृतीयांश मतदार छिद्रांनी मत देत होते.

त्या वर्षी फ्लोरिडातील पाम बीच काउंटीत वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी छापली गेली. त्यामुळे अध्यक्षपदाचे उमेदवार समोरासमोरच्या दोन पानांवर पसरले आणि छिद्रांची ओळ मधोमध आली. डाव्या पानावर अल गोर दुसरे होते, पण त्यांचे छिद्र तिसरे. दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे होते. ब्युकॅनन यांना तिथे अनपेक्षितपणे तीन हजारांवर मते पडली आणि १९ हजारांहून अधिक पत्ते दोन छिद्रांमुळे बाद झाले. जॉर्ज बुश आणि गोर यांच्यातला राज्यातला अंतिम फरक ५३७ मतांचा होता. अर्धवट लोंबणारा कागदाचा कपटा मत धरायचा की नाही, यावर महिनाभर वाद चालला. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली आणि जॉर्ज बुश अध्यक्ष झाले.

२००२ च्या केंद्रीय कायद्याने जुनी यंत्रे बदलण्यासाठी राज्यांना तीन अब्ज डॉलरहून अधिक निधी उपलब्ध झाला. अनेकांनी स्पर्शपडद्याची यंत्रे घेतली, पण कागदाशिवाय खात्री कशी करायची हा लॉकपोर्टच्या यंत्रापासूनचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. आज बहुसंख्य मतदार कागदावर गोल काळा करतात आणि यंत्र तो वाचते. मूळ कागद फेरतपासणीसाठी जपला जातो.

टपाल, ओळखपत्र आणि रिकामी ओळ

टपाली मताचे मूळ यादवी युद्धात आहे. रणांगणावरच्या सैनिकांना मत देता यावे म्हणून उत्तरेतल्या १९ राज्यांनी कायदे केले. कॅलिफोर्नियाने १९७८ पासून कारण न विचारता टपाली मतपत्रिका द्यायला सुरुवात केली. ओरेगॉनने २००० ची अध्यक्षीय निवडणूक पूर्णपणे टपालाने घेतली. २०२० मध्ये महामारीच्या काळात देशातल्या सुमारे ४३ टक्के मतदारांनी टपाली मतपत्रिका वापरली.

याविषयीचा वाद एकोणिसाव्या शतकातल्या वादाच्याच धाटणीचा आहे. घरी भरलेल्या कागदाला मतदान केंद्रातला आडोसा नसतो, म्हणून दबावाची आणि खोट्या सह्यांची शक्यता राहते, असे एक बाजू म्हणते. मंगळवारी कामावरून सुटी न मिळणाऱ्याला, आजाऱ्याला आणि दूर राहणाऱ्याला हाच मार्ग उरतो, असे दुसरी म्हणते. छायाचित्र असलेल्या ओळखपत्राच्या सक्तीवरही असाच वाद आहे. इंडियानाचा २००५ चा तसा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ग्राह्य ठरवला आणि आता तीसहून अधिक राज्ये कोणते ना कोणते ओळखपत्र मागतात. भारतासारखे सर्वांना मिळणारे मतदार ओळखपत्र तिथे नसल्याने वाहन परवाना नसलेल्यांची अडचण होते. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही, पण मत देताना ओळख पटवावी लागते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कायद्यातले पूर्वपरवानगीचे सूत्र रद्द केले. त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांना नवे नियम करण्यापूर्वी केंद्राकडे जावे लागत नाही.

मतपत्रिकेच्या मांडणीतही प्रयोग चालू आहेत. मेनने २०१८ पासून काँग्रेसच्या निवडणुकीत पसंतिक्रम लिहिण्याची पद्धत आणली आणि अलास्काने ती २०२२ मध्ये वापरली. तिच्यात पहिल्या फेरीत कोणाला बहुमत नसेल तर तळाच्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे वळतात.

सरकारी मतपत्रिकेआधीची रीत पुरती गेलेली नाही. बहुतेक राज्यांत छापील नावांखाली एक रिकामी ओळ असते आणि तिथे मतदाराला स्वतः नाव लिहिता येते. साउथ कॅरोलायनातून स्ट्रॉम थर्मंड १९५४ मध्ये याच ओळीवरून सिनेटवर गेले. २०१० मध्ये अलास्कात लिसा मर्कॉव्स्की आपल्याच पक्षाची उमेदवारी हरल्या आणि छापील यादीबाहेर राहून निवडून आल्या. त्यांचे आडनाव लिहिताना अनेक मतदारांच्या हातून चुका झाल्या होत्या. मतदाराचा इरादा स्पष्ट दिसत असेल तर अक्षराची चूक आड येत नाही, असे धरून ती मते मोजण्यात आली आणि न्यायालयानेही ते मान्य केले.